किराणा कमी करायचा तर आधी घराचं माप काढा

महिन्याच्या बावीस तारखेला तूरडाळ संपते. कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोभर आणली जाते, जाताजाता बिस्किटांचे दोन पुडे आणि एक फरसाणाची पिशवीही येते. त्याच दिवशी ओट्याखालच्या कपाटात साबुदाण्याची तीन पाकिटं असतात आणि त्यातलं एक मागच्या आषाढी एकादशीचं असतं. आमच्याकडे हे कितीतरी वर्षं असंच चालू होतं. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. महागाई वाढली म्हणून किराणा वाढला असं आम्ही धरून चाललो होतो. ते खरंही होतं, पण अर्धंच. आपल्या घराला महिन्याला नेमकं काय आणि किती लागतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हणून स्वस्त दुकान शोधायच्या आधी माप काढा. त्यात एक महिना जातो. तो महिना खर्च कमी करायचा अजिबात प्रयत्न करू नका, नाहीतर माप चुकतं.

पहिला महिना: फक्त नोंद

स्वयंपाकघरात एक स्केचपेन दोरीला बांधून ठेवा. कोणतंही पाकीट फोडलं की त्यावर तारीख घाला. संपलं की रिकामं पाकीट टाकण्याआधी वहीत एक ओळ लिहा: तूरडाळ, १ किलो, ४ ते १३. आमच्याकडे किलोभर तूरडाळ नऊ दिवस पुरते, म्हणजे महिन्याला साडेतीन किलोच्या आतबाहेर. आम्ही मात्र वर्षानुवर्षं यादीत ‘तूरडाळ २ किलो’ लिहीत होतो, कारण सासूबाईंच्या जुन्या यादीत, मुलं लहान असताना, तेवढी पुरायची. कमी पडलेली डाळ दर महिन्याला सुटी, जास्त दराने आणि सोबत चार नको असलेल्या वस्तू घेऊन घरात यायची.

डब्यातून घेताना ज्या वाटीने मोजता तिचं वजन एकदा करा. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर उत्तम, नसेल तर वाण्याकडे नेऊन मोजून घ्या. आमची आमटीची वाटी १३० ग्रॅम डाळीची निघाली. तांदळाची, रव्याची, पोह्यांची वजनं वेगवेगळी येतात, ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाका. पोळ्यांचं माप मोजणीने निघतं: किलोभर कणकेच्या तुमच्या हाताने किती पोळ्या होतात ते एकदा मोजा. आमच्या किलोत ३६ होतात. सकाळी ‘कोण किती पोळ्या खाणार’ हे विचारून कणीक भिजवायला लागल्यापासून रात्री उरणाऱ्या पोळ्यांचा प्रश्न बराच मिटला.

तेलासाठी पातळ प्लास्टिकच्या कॅनवर आठवड्याच्या आठवड्याला पेनने रेघ मारा. आहारतज्ज्ञ साधारणपणे माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे म्हणतात. त्या हिशेबाने आम्हा पाच जणांना अडीच लिटर हवं होतं आणि आम्ही साडेचार लिटर वापरत होतो. हा आकडा समोर आला नसता तर मी कोणाचंही ऐकलं नसतं.

नोंदवहीत चार कप्पे करा. एक, धान्य-डाळी-तेल-मसाले. दोन, दूध, भाजी, फळं, अंडी, मासे-मटण. तीन, साबण आणि साफसफाई. चार, ‘वरचं’: बिस्किटं, फरसाण, नूडल्स, सरबतं, तयार पिठं, आइस्क्रीम. चौथ्या कप्प्यात दहा मिनिटांत घरी येणाऱ्या ॲपवरच्या खरेद्या आणि मुलांनी कोपऱ्यावरून आणलेलं सगळं धरा. त्यासाठी महिनाअखेरीस यूपीआयचा इतिहास उघडून वीस-तीस-चाळीस रुपयांच्या नोंदी एक-एक करून वहीत उतरवायच्या. कंटाळवाणं काम आहे. पण आमच्या घरातलं सर्वांत मोठं भोक तिथेच सापडलं: चौथा कप्पा पहिल्या कप्प्याच्या जवळजवळ बरोबरीला आला होता.

काय कापायचं नाही

हे आधीच लिहिते, कारण काटकसर सुरू झाली की हात पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी जातो. मुलांचं दूध, घरातली डाळ-उसळ, अंडी आणि हंगामातलं एक फळ यांना कात्री लावू नका. डाळ पाणीदार करून वाचलेले पैसे कुठेतरी अशक्तपणा म्हणून परत वसूल होतात. आणि आपल्याकडे घरात कमी पडायला लागलं की आधी घरची बाई स्वतःच्या ताटातलं कमी करते, कोणाला न सांगता. नोंदवहीत सगळ्यांची गरज लिहिताना स्वतःची पूर्ण लिहा. उरलं तर खाईन, हे माप नव्हे.

दुसरा महिना: तीन रकान्यांची यादी

पगाराच्या दोन दिवस आधी सगळे डबे उघडून बघा. यादीला तीन रकाने: घरात आहे, महिन्याला लागतं, आणायचं. तूरडाळ: आहे पाऊण किलो, लागते साडेतीन, आणायची तीन. साबुदाणा: आहे दीड किलो, लागतो अर्धा, आणायचा शून्य. या शून्यांनीच आमचं त्या महिन्याचं बिल खाली आलं.

यादी वर्षभर एकसारखी राहत नाही. श्रावणात उपवासांमुळे भगर, साबुदाणा, शेंगदाणे वाढतात. गणपतीत तांदळाची पिठी, गूळ, नारळ. दिवाळीत बेसन, मैदा, साखर, तूप, पोहे, भाजणी, आणि तेल तर दुप्पट. हे दरवर्षी येतं हे माहीत असूनही दरवर्षी तो महिना कोलमडतो. त्यासाठी मागच्या दिवाळीचं सामान आठवून त्याची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या पाकिटात ठेवा. फराळाचं सामानही एकदम न आणता, टिकणारं ते गणपतीनंतर थोडं थोडं आणत गेलं तर शेवटच्या आठवड्यातल्या चढ्या दरातून सुटका होते.

भाव किलोवर आणून बघा

पाकिटाच्या किमतीवरून स्वस्त-महाग ठरवायचं नाही. पूर्वी बऱ्याच वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनांचीच असायची. आता कंपन्यांना वजनाची मोकळीक आहे, त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवलेल्या तेलाच्या दोन पिशव्यांपैकी एकीत १ लिटर आणि दुसरीत ८५० ग्रॅम असू शकतं. इथे लिटर आणि किलो यांची गल्लत होते. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. समजा, १ लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमची १४४ ला. दुसरी स्वस्त वाटते. किलोवर आणा: पहिली १६५ रुपये किलो पडते, दुसरी १६९.

हे गणित दुकानात उभं राहून करायला लागू नये म्हणून पाकिटावर एमआरपीच्या जवळ एककाचा दर छापणं आता बंधनकारक आहे. किलोच्या आतल्या पाकिटावर तो प्रति ग्रॅम असतो, किलोच्या वरच्या पाकिटावर प्रति किलो. अक्षर बारीक असतं, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचा. एक खाचखळगा लक्षात ठेवा: हा दर दोन दशांश स्थळांपर्यंतच असतो, म्हणून दोन्ही पाकिटांवर ‘०.१७ रु. प्रति ग्रॅम’ असलं तरी किलोमागे पाच-सात रुपयांचा फरक लपलेला असू शकतो. जवळजवळचे आकडे असतील तर स्वतः भागाकार करा.

मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं असंही नाही. चहापूड, कॉफी, डिटर्जंट यांत मी लहान पाकीट स्वस्त पडताना अनेकदा पाहिलं आहे. आणि ‘एकावर एक मोफत’ तेव्हाच घ्या, जेव्हा दोन्ही मुदतीच्या आत संपणार आहेत हे तुमची नोंदवही सांगते.

सुटं की पाकीटबंद? जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य, डाळ आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. म्हणून तर बाजारात तांदळाच्या २६ किलोच्या पिशव्या दिसतात. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी, कडधान्यं, शेंगदाणे मी सुटेच घेते, हातात घेऊन बघते, दोन दाणे चावून बघते. सुटं तेल आणि सुटी हळद-तिखटाची पूड मात्र घेत नाही, भेसळीचा धोका तिथे सर्वांत जास्त. त्याऐवजी हळकुंडं आणि सुक्या मिरच्या आणून दळून घेते.

वेळ साधून घेणं

आपल्या आज्या उगीच चैत्र-वैशाखात वर्षाचं भरत नसत. रब्बीचा गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि एप्रिल-मेमध्ये बाजारात भरपूर असतो. हवेत ओल नसते, उन्हं कडक असतात. पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार विभागात त्या दिवसांत लोकवन आणि सिहोर गव्हासाठी रांगा लागतात. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारीही उन्हाळ्याच्या तोंडाशीच येते. नवी तूर जानेवारीपासून बाजारात यायला लागते, हरभरा त्याच्या मागून. लसूण फेब्रुवारी ते एप्रिल. चिंच, सुक्या मिरच्या, कोकम ही सगळी उन्हाळ्याचीच कामं.

कांद्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात पैसेही वाचतात आणि फसगतही होते. एप्रिल-मेमध्ये येतो तो उन्हाळ कांदा. त्याची साल घट्ट असते आणि तो चार-पाच महिने टिकतो. दिवाळीच्या सुमाराला येतो तो लाल कांदा, तो पाणीदार, महिनाभरही धड राहत नाही. उन्हाळ कांद्याचा साठा सरत येतो आणि नवा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो त्या काळात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, दर चढतात. म्हणून मेमध्ये मध्यम आकाराचे, मान बारीक आणि कोरडी असलेले कांदे घ्यायचे, गोणीत कोंबून न ठेवता जाळीच्या पिशवीत टांगायचे किंवा बाजेखाली पसरायचे, आणि दर आठवड्याला मऊ पडलेला कांदा काढून वापरून टाकायचा. बटाट्याच्या शेजारी ठेवायचे नाहीत.

तांदळात उलट आहे. इंद्रायणी नवी आली की वास घमघमतो, पण नवा तांदूळ चिकट होतो आणि कमी फुगतो. वर्षभर जुना तांदूळ भाताला वाढ देतो. रोजच्या भाताला जुना कोलम आणि सणावाराला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

पण वर्षाचं भरणं प्रत्येकाला जमेलच असं नाही आणि त्याचा कमीपणा वाटून घेऊ नका. आमचं गव्हाचं माप महिन्याला १२ किलो, म्हणजे वर्षाला दीड क्विंटलच्या जवळ. दोन खोल्यांच्या घरात एवढं ठेवायला कोरडी जागाच नव्हती. पहिल्या वर्षी मी हौसेने सगळा भरला आणि पिंप बाल्कनीत, पावसाची झड येते त्या बाजूला ठेवलं. श्रावणात उघडलं तर सोंडे. वीस-बावीस किलो गहू गेला, वाचवलेले पैसे त्यातच संपले. आता मी चार महिन्यांचाच भरते. पावसाळा त्यात निघतो आणि तेच महत्त्वाचं आहे.

भरण्याची पद्धत अशी. धान्य निवडून, चाळून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. उन्हातलं धान्य गरम असताना डब्यात भरायचं नाही, रात्रभर सावलीत निवू द्यायचं, नाहीतर आत घाम सुटतो. गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं, दहा किलोला दोन-तीन चमचे पुरतात, फक्त दाण्याला चकाकी आली पाहिजे. पिंपाच्या तळाला आणि वर वाळलेला कडुनिंबाचा पाला. पिंप जमिनीला न टेकवता पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब. रवा आणि पोहे जास्त आणलेच तर कोरडे भाजून भरावेत. कडधान्यं थोडी असतील तर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात घातली की कीड धरत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गावाकडे धान्यात फॉस्फाइडच्या गोळ्या घालतात. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद घरात माणसाचा जीव घेतो. त्या घरात आणू नका, कोणी दिल्या तरी ठेवू नका. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. चार किलो गव्हाला कीड लागली तर लागू द्या.

कुठून घ्यायचं

महिन्याची मुख्य खरेदी एकाच फेरीत, एकाच दिवशी, पोट भरलेलं असताना आणि शक्यतो एकट्याने. सुपरमार्केटमध्ये एमआरपीवर सूट मिळते हे खरं आहे, पण ती मुख्यतः पाकीटबंद मालावर. तेल, साबण, चहा, डिटर्जंट तिथून आणि धान्य-डाळी भुसार बाजारातून, असं वाटून घेतलं की दोन्हींचा फायदा मिळतो. ट्रॉलीऐवजी हातातली टोपली घ्या, जड झाली की आपण थांबतो.

एकट्याने घाऊक बाजारात जाणं परवडत नसेल तर चार-पाच घरं मिळून जा. ५० किलोचा कट्टा घेऊन वाटून घेतला की किलोमागे फरक लगेच दिसतो. हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून चालवली आहे. शेजारपाजारची सभासद कुटुंबं आपला संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, माल एकत्र येतो आणि सभासद आपसांत वाटून घेतात. मागणी आधीच लिहून द्यावी लागते, म्हणून मोहाची खरेदी आपोआप कमी होते. तुमच्या भागात असा संघ असेल तर चौकशी करा. नसेल तर सोसायटीतल्या सहा घरांचा व्हॉट्सॲप गट पुरतो. मात्र पैसे आधी जमा करायचे आणि वजन सगळ्यांसमोर करायचं, हे दोन नियम पहिल्या दिवशीच ठरवा.

रेशनकार्ड असेल तर ते कपाटात पडू देऊ नका. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गाव सोडून शहरात राहायला आलेल्यांनाही जवळच्या रास्त भाव दुकानातून ते उचलता येतं. त्यासाठी आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली हवी. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना हे माहीत आहे का, तेही विचारा.

दहा मिनिटांच्या ॲपसाठी आम्ही एकच नियम केला. काही संपलं की फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं आणि एक रात्र थांबायचं. दूध आणि औषध सोडून. सकाळी त्यातल्या निम्म्या गोष्टींची गरज राहिलेली नसते.

दूध, तेल आणि ‘वरचं’

दूध महिन्याचा फार मोठा वाटा घेतं, तरी त्याचा हिशेब कोणी करत नाही. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. मोठ्यांच्या चहाला आणि ताकाला टोन्ड चालतं, मुलांना प्यायला आणि सायीला फुल क्रीम. दही घरीच विरजायचं. सायीचं तूप विकतच्या तुपाच्या भावाने मोजलं तर फुल क्रीममधला फरक बराच भरून निघतो, एकदा तुमच्या घरी मोजून बघा.

तेलासाठी एकच बदल केला: कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद. बुधलीतून चमच्याने. साडेचार लिटरचं साडेतीनवर आलं आहे, अडीचवर अजून आलेलं नाही.

‘वरच्या’ कप्प्यावर एकदम बंदी घालू नका, मुलं शेजारी जाऊन खातात आणि घरात कटकट वाढते. आम्ही महिन्याची एक रक्कम ठरवली आणि ती मुलांच्या हातात दिली. काय आणायचं ते त्यांनी ठरवायचं, संपली की पुढच्या महिन्यापर्यंत नाही. सोबत घरात डबे भरलेले हवेत: पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, भाजके फुटाणे. थालीपिठाची भाजणी, बेसन, आंबोळीचं पीठ गिरणीत दळून आणलं की तयार मिक्सची पाकिटं लागत नाहीत. रविवारी सकाळी अर्धा किलो मटकी भिजत घातली की मंगळवारी किलोभर मोड आलेली मटकी होते, आणि गवार-भेंडी ८०-१०० रुपयांना असेल त्या आठवड्यात दोन डबे उसळीचे जातात.

भाजी आठवड्यातून दोनदा आणा, एकदा नको. शेतकरी आठवडे बाजार जवळ असेल तर तिथे, नाहीतर मंडईत संध्याकाळी उशिरा. बुधवारी आमच्याकडे नवीन भाजी येत नाही. फ्रिजमध्ये उरलेलं सगळं त्या दिवशी संपतं: उरलेलं वरण थालीपिठात, शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, भाताला फोडणी, कोथिंबिरीच्या काड्या चटणीत.

साबणाचं थोडक्यात: डिटर्जंट मापानेच घाला, जास्त पावडरीने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, आणि अंगाचा साबण टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध घटकाचा, आकडा बघून घ्या. ७६ टक्क्यांच्या वरचा साबण पहिल्या प्रतीचा असतो आणि तो लवकर विरघळत नाही.

तिसऱ्या महिन्यापासून

माप दर चार महिन्यांनी पुन्हा तपासा. मे महिन्यात मुलं दिवसभर घरी, भाचरं राहायला, तेव्हा सगळे आकडे दीडपट होतात. तो महिना वेगळा लिहा, सरासरीत मिसळू नका. मुलगा नववीत गेला आणि आमच्या सकाळच्या पोळ्या सोळाच्या वीस झाल्या. त्या महिन्यात किराणा वाढला, आणि तो वाढायलाच हवा होता.